केसपेपर: पुढच्या डॉक्टरसाठी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे रुग्णही आज इथे आले आहेत आणि विद्यार्थीही. म्हणून दोघांच्याही जवळचा विषय मी निवडला आहे. रुग्णाला तपासल्यावर डॉक्टर कागदावर, हल्ली संगणकावरही, जी नोंद करतात ती नोंद.

माझं म्हणणं आधीच एका वाक्यात सांगून ठेवते. चांगली नोंद ती, जी वाचून पुढच्या डॉक्टरला माझं चुकलेलं निदान दुरुस्त करता येतं.

हे वाक्य कोणाला टोचेल. पण निदान कधीच चुकत नाही असा डॉक्टर कुणी पाहिला आहे का? आजार पहिल्या दिवशी आपलं सगळं रूप दाखवत नाही. पावसाळ्यातला पहिल्या दिवसाचा ताप मलेरियाचा असेल, डेंगीचा असेल, टायफॉइडचा असेल, किंवा तीन दिवसांत आपोआप उतरणाराही असेल. चौथ्या दिवशी चित्र उलगडतं. त्या चौथ्या दिवशी रुग्णासमोर मीच असेन याची खात्री नाही. तेव्हा जो कोणी असेल, त्याच्या हातात पहिल्या दिवसाचं खरं चित्र असायला हवं. सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार.

पहिली गोष्ट: ही नोंद वाचणार कोण?

लिहिताना रुग्ण समोर असतो, वाचणारा मात्र तिथे नसतो. रात्री अडीच वाजता वॉर्डात बोलावलेला आरएमओ ती वाचतो. औषध देण्याआधी सिस्टर वाचते. केमिस्ट वाचतो. सहा महिन्यांनी मी स्वतः वाचते, आणि तोवर मला त्या रुग्णाचा चेहराही आठवत नसतो. क्वचित न्यायाधीशही वाचतात. पण बहुतेक डॉक्टर शेवटच्या वाचकाला घाबरून लिहितात आणि पहिल्या वाचकाला विसरतात. कोर्टाच्या धास्तीनं लिहिलेली नोंद लांबलचक असते, आणि रात्री अडीच वाजता तिचा उपयोग होत नाही.

आपल्याकडे हा पुढचा वाचक फार महत्त्वाचा आहे. कारण आपला रुग्ण एका डॉक्टरकडे राहत नाही. गावातला दवाखाना, मग तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल, मग पुणे किंवा मुंबई. जाताना तो आपला इतिहास कॅरीबॅगमध्ये घालून नेतो. ती पिशवी टेबलावर रिकामी केली की काय निघतं? एक्स-रे निघतात, सोनोग्राफी निघते, रक्ताचे रिपोर्ट ढीगभर निघतात, फिकट झालेली बिलं निघतात. पण आधीच्या डॉक्टरांना काय सापडलं, त्यांना काय वाटलं आणि अमुक औषध त्यांनी का बंद केलं, हे सांगणारी ओळ बहुधा निघत नाही. मग तपासण्या पुन्हा होतात, उसनवारीचे पैसे पुन्हा खर्च होतात, आणि एकदा फसलेलं औषध पुन्हा सुरू होतं.

माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सांडते, आणि ती सांडू नये म्हणून ठरवून काही करता येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ड्यूटी बदलताना निवासी डॉक्टरांनी काय सांगायचं आणि काय लिहून द्यायचं, याची एक पद्धत घालून दिली गेली. रुग्ण किती गंभीर आहे, आतापर्यंत काय झालं, काय करायचं राहिलं आहे, आणि अमुक झालं तर काय करायचं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. नवं औषध आलं नव्हतं, नवं यंत्र आलं नव्हतं. सांगणं आणि लिहिणं नीट झालं होतं.

दुसरी गोष्ट: रुग्ण काय म्हणाला?

१९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. रुग्ण बोलायला लागल्यापासून डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्ये तोडतात, असं त्यात दिसलं. १८ सेकंदांत आपल्याकडचा माणूस कितीसा पोचतो? ‘डॉक्टर, तसं काही नाही, पण घरचे म्हणाले दाखवून ये,’ एवढ्यावरच येतो. खरं दुखणं त्याच्या पुढच्या वाक्यात असतं.

एक उदाहरण घ्या. पंचावन्न वर्षांचे गृहस्थ येतात आणि म्हणतात, ‘गॅस होतोय.’ केसपेपरवर पडतं: गॅस, अ‍ॅसिडिटी. गोळी दिली जाते. आता त्यांना आणखी अर्धा मिनिट बोलू दिलं असतं तर? ‘जेवून शेताकडे निघालो की चढावर इथे छातीत भरून येतं. बांधावर टेकलो की पाच मिनिटांत मोकळं होतं. पंधरा दिवस झाले.’ हे तसंच्या तसं लिहिलं, तर ते वाचणारा कोणताही डॉक्टर आधी ईसीजी काढेल. पहिल्या नोंदीत हृदयाचा धोका दडला, दुसरीत तो उघड दिसला. फरक कशाचा? कधी होतं, कशानं वाढतं, कशानं थांबतं आणि किती दिवसांपासून, एवढ्या चार गोष्टींचा.

म्हणून माझा आग्रह असा, की मुख्य तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहावी. ‘गॅस’ हे रुग्णानं स्वतः केलेलं निदान आहे, ‘चढावर भरून येतं’ हा त्याचा अनुभव आहे. आपल्याला अनुभव हवा. आणि कोणी सांगितलं तेही लिहावं. सासूबाईंची हकीकत सुनेनं सांगितली असेल, तर तसं नोंदवावं. फीट आली तेव्हा रुग्ण स्वतः बेशुद्ध होता, मग ती पाहिली कोणी?

इथेच आणखी एक कळकळीनं सांगते. रुग्णाबद्दल शेरे लिहू नका. ‘औषधं नीट घेत नाही’, ‘सहकार्य करत नाही’, ‘नाटक करते’. असा शेरा फाइलवर एकदा बसला, की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या माणसाकडे त्याच नजरेनं बघतो. त्याऐवजी घडलेलं लिहा: ‘बीपीच्या गोळ्या महिन्यापूर्वी संपल्या. मजुरी बुडेल म्हणून न्यायला आली नाही.’ आता पुढच्या डॉक्टरला काय करायचं ते कळतं. तो एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या देईल, किंवा तिच्या गावच्या उपकेंद्रातून मिळण्याची सोय करील. शेऱ्यानं माणूस दोषी ठरला असता, वस्तुस्थितीनं वाट दाखवली.

तिसरी गोष्ट: मला काय सापडलं?

आपल्या परंपरेत वाग्भटानं रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन अंगं सांगितली. पाहणं, हात लावून तपासणं आणि विचारणं. या तिन्हींतून जे हाती लागतं, ते कागदावर विशेषणांनी उतरत नाही, आकड्यांनी आणि वर्णनांनी उतरतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ महिन्यांचं बाळ आलं आहे असं समजा. एक नोंद अशी होते: ‘खोकला, ताप. थोडी धाप. सिरप दिलं.’

दुसरी नोंद अशी: ‘वय ८ महिने, वजन ७.२ किलो. तीन दिवस खोकला, कालपासून ताप, असं आई सांगते. श्वास मिनिटाला ५४. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजला. छाती आत ओढली जात नाही. अंगावर पितंय. आकडी नाही, गुंगी नाही. न्यूमोनिया वाटतो, गंभीर नाही. अमॉक्सिसिलिन २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. पिणं बंद झालं किंवा छाती आत जाऊ लागली तर लगेच आणायचं, हे आईला सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. दोन दिवसांनी पुन्हा तपासणी.’

दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असेल, तर तो जलद मानतात. ‘थोडी धाप’ वाचून पुढच्या डॉक्टरला काय कळणार? ५४ वाचून कळतं. दोन दिवसांनी श्वास ४२ झाला तर बाळ सुधारतंय, ६६ झाला तर लगेच वर पाठवायचं. ‘थोडी धाप’ची तुलना कशाशी करणार?

आणि या नोंदीत जे नाही म्हणून लिहिलं आहे तेही बघा. छाती आत ओढली जात नाही. आकडी नाही. गुंगी नाही. न लिहिलेल्या गोष्टीचे दोन अर्थ होतात: नव्हती, किंवा पाहिलीच नाही. वाचणाऱ्यावर असा तर्क करण्याची वेळ का आणावी?

कोणी म्हणेल, हे मोठ्या शिकलेल्यांचं काम. तसं असतं तर गडचिरोली घडलं नसतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. जेमतेम शाळा शिकलेल्या गावातल्याच बाया घरोघरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास, पिणं यांच्या नोंदी करत आणि त्या नोंदींवरून ठरवून दिलेले उपचार करत. त्या नोंदी तपासल्याही जात. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. हे श्रेय एकट्या नोंदींचं नाही. प्रशिक्षणाचं आहे, औषधांचं आहे, त्या बायांच्या हिमतीचं आहे. पण ठरावीक नोंदीशिवाय यातलं काय उभं राहिलं असतं?

दुसरं उदाहरण कोकणातलं. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथे सरकारी नोकरीत होते. साधनं तुटपुंजी. त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लक्षणं कोणत्या क्रमानं येतात ते नोंदवलं: उलट्या, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब, मग हृदयावर येणारा ताण आणि फुप्फुसात साठणारं पाणी. एका रुग्णात जे योगायोगासारखं दिसतं, ते अनेकांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की नियमासारखं दिसू लागतं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि १९८६ साली प्राझोसिन या औषधाच्या वापराबद्दलचा डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला लेख त्याच नियतकालिकात आला. त्या उपचारानं विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले. सुरुवात कुठून झाली? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेपासून.

चौथी गोष्ट: मला काय वाटतं, आणि मी काय करणार?

सांगितलेलं, सापडलेलं, वाटलेलं आणि ठरवलेलं. या चार गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली हीच शिस्त मांडली आणि ती जगभर रुजली. वीड स्वतः संशोधनात वावरलेले होते. प्रयोगवहीत जी काटेकोरी लागते ती रुग्णाच्या कागदात का नसावी, हा त्यांचा सवाल होता.

या चारींची सरमिसळ झाली की काय होतं? ‘डेंगीचा ताप’ असं पहिल्या दिवशी लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात तो अंदाज होता. दुसऱ्या दिवशी राउंडला तेच वाचलं जातं, तिसऱ्या दिवशी उतरवलं जातं, आणि डिस्चार्ज कार्डापर्यंत पोचेतो त्याचं सत्य झालेलं असतं. कोणीच खोटं लिहिलेलं नाही, तरी कागद खोटा झाला. याऐवजी असं लिहा: ‘डेंगी असावा, कारण साथ आहे आणि डोळ्यांमागे दुखतंय. मलेरिया नाकारता येत नाही, स्मिअर पाठवला आहे. ४८ तासांत उतार नसेल तर पुन्हा विचार.’ ‘असावा’ लिहायला कमीपणा कसला? ‘कारण’ लिहिल्यानं पुढच्याला माझा विचार तपासता येतो. कारणच नसेल तर त्यानं काय तपासायचं?

ही शिस्त नवी नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातला एक इजिप्शियन पपायरस एडविन स्मिथच्या नावानं ओळखला जातो. त्यात जखमांच्या ४८ केसेस आहेत. प्रत्येकीत आधी तपासणी, मग निदान, आणि मग वैद्याचा निवाडा: यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपचार नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला आपली मर्यादा लिहून ठेवण्याचा संकोच वाटला नाही.

पाचवी गोष्ट: अक्षर, आकडे आणि दुरुस्ती.

ही थोडक्यात सांगते, कारण इथे वाद नाही, फक्त सवय हवी. इन्सुलिनच्या दहा युनिटांसाठी दहाच्या आकड्याला खेटून इंग्रजी ‘यू’ काढला, की तो घाईत शून्य वाचला जातो आणि दहाचे शंभर होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं २००४ साली वर्ज्य संक्षेपांची यादी केली, तिच्यात हा ‘यू’ आहे. ५ मिलिग्रॅमच्या पुढे दशांश आणि शून्य लिहू नका. टिंब पुसट झालं की पन्नास होतात. अर्ध्यासाठी ०.५ लिहा, आधीचं शून्य गाळू नका. ‘ओडी’ म्हणजे आपल्या चिठ्ठीवर दिवसातून एकदा, आणि नेत्रविभागात उजवा डोळा. डावा-उजवा हे शब्द पूर्ण लिहा. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते पहिल्या पानावर, आणि नक्की काय झालं होतं तेही: पुरळ उठलं, की श्वास कोंडला? औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत, हे तर भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमावलीत २०१६ च्या दुरुस्तीपासूनच आहे.

लिहिताना चूक झाली तर? खाडाखोड नको, पांढरी शाई तर नकोच. एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर मजकूर, सही, तारीख, वेळ. उशिरा लिहीत असाल तर ‘उशिराची नोंद’ असं म्हणून लिहा. आणि संगणकावर कालची नोंद आज चिकटवू नका. तिथे अक्षर सुंदर येतं, पण रुग्ण कालचा असतो.

शेवटची गोष्ट: हा कागद कोणाचा?

वैद्यक परिषदेच्या त्याच, २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. हा उपकार नाही, हा हक्क आहे. अमेरिकेत २०१० साली १०५ डॉक्टरांनी आपल्या नोंदी रुग्णांना वाचायला खुल्या केल्या. कामाचा बोजा वाढेल ही भीती होती, ती बहुतांशी खरी ठरली नाही. उलट, आपला आजार अधिक कळला आणि औषधं घेणं सुधारलं, असं अनेक रुग्णांनी सांगितलं. मग आपल्या रुग्णाच्या हाती काय पडतं? त्याला न वाचता येणारी चिठ्ठी. वैद्यकीय नोंद इंग्रजीत राहू दे, पण गोळी कधी घ्यायची, काय झालं तर परत यायचं, पुढची तारीख कोणती, या तीन ओळी मराठीत लिहायला काय हरकत आहे?

आता एक आक्षेप, आणि तो खरा आहे. ‘मॅडम, ओपीडीला शंभर रुग्ण असतात. लिहायचं कधी?’ या गर्दीला तो तरुण डॉक्टर जबाबदार नाही. अपुरी पदं, रिकाम्या जागा, एकाच खोलीत तीन टेबलं, हे सगळं आपण सरकारकडे ठामपणे मागायलाच हवं. पण तोवर काय? मघाची बाळाची नोंद दीड मिनिटात लिहून होते. शंभरांपैकी प्रत्येकाला तेवढी लागतही नाही. कापलेल्या बोटाला दोन ओळी पुरतात. लांबी मी मागतच नाही. ज्यावरून पुढचा निर्णय होईल ते मागते: एक आकडा, एक ‘नाही’, एक ‘कारण’, आणि परत कधी यायचं.

एवढं सांगून प्रत्येकाकडे एकेक मागणं मागते. वैद्यकीय शिक्षकांनो, परीक्षेत विद्यार्थ्याचं तोंडी सांगणं ऐकता, तशी त्यानं वॉर्डात लिहिलेली नोंदही तपासा आणि तिला गुण द्या. रुग्णालय चालवणाऱ्यांनो, आठवड्यातून एकदा पाच केसपेपर काढा आणि ज्यांनी तो रुग्ण पाहिलेला नाही अशा सहकाऱ्यांना वाचायला द्या. त्यांना रुग्ण समजला, तर नोंद जमली. सिस्टर, तुम्हाला आदेश वाचता येत नसेल तर अंदाजानं औषध देऊ नका, फोन करा; डॉक्टर चिडले तरी करा. आणि श्रोतेहो, दवाखान्यातून निघताना विचारा, ‘डॉक्टर, तुम्हाला काय वाटतंय ते यावर लिहिलंत ना?’ हा उद्धटपणा नाही. जो डॉक्टर तुमची काळजी घेतो, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. आणि ज्याला येईल, त्यालाही तो विचारला जाण्याची गरज आहे.